सुलटी बाजू खाली

१

सकाळी साडेनऊला मी सुरतेत पर्वत पाटियाच्या ऑफिसात येतो, चप्पल बाहेर काढतो, कॉम्प्युटर चालू करतो आणि चहा येईपर्यंत कालचं काम मोठं करून बघतो. तीस वर्षं मी कापडाची डिझाइनं काढतोय. आधी ग्राफच्या कागदावर, आता पडद्यावर. काम एवढंच, की चौकटी रंगवायच्या. एक चौकट चुकली तर ती चूक कापडात दर वीतभर अंतरावर पुन्हा येते, आणि दहा मीटरनंतर ती चूक न वाटता डिझाइनच वाटू लागते. माझ्या चौकटी चुकत नाहीत. भटूभाऊचं काम आहे म्हटल्यावर बाजारात कुणी तपासत बसत नाही. हा गर्व नाही, धंद्यातलं नाव आहे. बरं, थोडा गर्वही आहे.

दिवाळीच्या दीड महिना आधी एक गुजराती बाई फोटो घेऊन आल्या. जुन्या रेशमाचा तुकडा होता, मध्य आशियातला, समरकंदाच्या बाजूचा. तेराशे वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा थडग्यात सापडलेला. मोत्यांचं एक गोल कडं आणि आत एक पक्षी. बदकासारखा, पण बदकाला असा तोरा नसतो. गळ्यात फीत बांधलेली, तिची दोन टोकं मागे ताठ उडालेली. चोचीत मोत्यांची माळ, माळेला खाली तीन लोलक. एक पाय पुढे टाकून तो कुठंतरी निघालेला होता.

बाईंना तसंच्या तसं कापड हवं होतं, लग्नाच्या जॅकेटांसाठी.

"भाई, मोती बराबर गणजो," त्या जाताना म्हणाल्या. "एक पण ओछो न थाय."

एकही कमी पडू नये म्हणून मी मोजले. कड्यात वीस, माळेत नऊ, लोलक तीन. त्या दिवशी माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. चोचीत माळ धरलेला पक्षी पाहून मला काही म्हणजे काही आठवलं नाही.

२

सॅम्पल उधन्याला विणायचं होतं. आमच्या शेठचा तिथं कारखाना आहे आणि मागच्या बाजूला सॅम्पलची वेगळी खोली. तिथं तीन माग आहेत आणि विणकर एकच, चिंधा. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात बनियन, शर्ट मागाजवळच्या खिळ्याला. तो धरणगावकडचा, मी अमळनेरचा. पाच वर्षांपूर्वी तो भिवंडीहून परत सुरतेला आला तेव्हा मीच शब्द टाकून त्याला इथं लावलं. लोक अजून म्हणतात, भटूभाऊनं माणुसकी दाखवली. मी मान हलवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. असं भरगच्च कापड विणताना त्याची सुलटी बाजू खाली असते. विणणारा दिवसभर पाठ बघतो, तरंगणारे धागे आणि गिचमीड. तोंड बघायचं असेल तर कापडाखाली आरसा धरायचा. चिंधाचा आरसा तळहाताएवढा आहे, मागे लाल रंग, एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

"बठ ना भाऊ," तो म्हणाला. "पहिलं पाखरू व्हई गयं. देख."

त्यानं माग थांबवला आणि आरसा कापडाखाली सरकवला. मी वाकलो. पक्षी सुरेख उतरला होता. कडं गोल, फीत ताठ, डोळा जिथल्या तिथं. मग मी चोच पाहिली.

चोचीत मोती नव्हते. बारीक काळे मणी होते, दुपदरी, आणि खाली तीन लोलकांच्या जागी सोन्याच्या दोन वाट्या. दोन्हींच्या मध्ये एक लाल मणी. डावी वाटी एका बाजूनं चेपलेली.

"काय व्हयनं?" चिंधा म्हणाला.

"काही नाही. काप."

त्यानं वीतभर कापड कापून माझ्या हातात दिलं. मी उलटून पाहिलं. पांढरे मोती, नऊ. लोलक तीन.

"हाऊ आरसा जुना शे," चिंधा म्हणाला आणि तो बनियनला पुसला. "भिवंडीले गयू तवय संगे लई गयतू. परत लई उनू. दुसरा हातमा बसत नही."

३

आता ती गोष्ट सांगायला हवी. लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नाही, सगळं मिळून पाच मिनिटांचं काम होतं.

मी एकोणीस वर्षांचा होतो, उधन्यातल्याच एका कारखान्यात मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायला शिकत होतो. तो कारखाना आता नाही. चिंधा तिथं जेकार्डच्या मागावर विणायचा. बॉबिन भरायच्या मशीनवर रंजना नावाची एक बाई होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती आणि चिंधा एका गावचे, ती त्याला चिंधादादा म्हणायची. तिच्या आईनं दिलेला शेवयांचा डबा तो गावाहून आणून द्यायचा. आम्ही पोरं त्यावरून त्याला छळायचो. तो लाजायचा, म्हणून जास्तच छळायचो.

मशीनचा पट्टा उघडा असायचा. गळ्यातलं त्यात अडकायला नको म्हणून बायका कामाला बसताना मंगळपोत काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत. प्रत्येकीचा खिळा ठरलेला. रंजनाचा दारापासून तिसरा.

एका सकाळी अकराच्या सुमारास मी जाता जाता ती पोत उचलली आणि चिंधाच्या शर्टाच्या खिशात टाकली. शर्ट त्याच्या मागाजवळ लटकत होता. चिंधा मागाखाली वाकलेला, पाठ माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत तो तंबाखूसाठी खिशात हात घालणार, पोत बाहेर येणार आणि सगळे हसणार, एवढाच माझा बेत होता. हातात घेतली तेव्हा डावी वाटी चेपलेली होती, ते बोटांना लागलं.

जेवणाची सुट्टी व्हायच्या आत रंजनाचा नवरा आला. गावाहून कुणीतरी आलं होतं, तिला घरी न्यायचं होतं. ती खिळ्याकडे गेली आणि ओरडली. झडती सुरू झाली. पोत चिंधाच्या खिशातून निघाली.

चोरी असती तर दोन थोबाडीत मारून मिटलं असतं. पण लग्न झालेल्या बाईची पोत परक्या पुरुषाच्या छातीवरच्या खिशात, याचा अर्थ लोकांनी दुसराच लावला. आमचं चिडवणं सगळ्यांना माहीत होतंच. नवऱ्यानं तिथंच चिंधाला मारायला सुरुवात केली आणि मग बाकीच्यांनी. मार बसायच्या आधी चिंधानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो मदतीसाठी बघतोय.

"मस्करी मी केली." तीन शब्द होते. ते माझ्या तोंडात होते, जिभेवर होते. मी ओठ मिटून घेतले.

नंतर नळावर मी त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. "तू एकलाच उना, भाऊ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो भिवंडीला गेला. रंजनाला नवऱ्यानं माहेरी सोडलं ते परत आणलंच नाही. भावाच्या घरी ओट्यावरची खोली मिळाली, तिथं तिनं उरलेलं आयुष्य काढलं. ती वारली असं गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो आणि चहा पीत राहिलो.

४

मी अडाणी नाही. ऑफिसात येऊन फाइल उघडली, पक्षी एवढा मोठा केला की एकेक धागा चौकटीसारखा दिसायला लागला. मोती पांढरेच. कापडाच्या पाठीला काळा धागा तरंगतो, आरसा जुना आहे, पारा उडालेला आहे, माझा चष्मा बदलायला झालाय. मन चाळवलं की दिसायला लागतं. असं मीच मला समजावलं आणि ते बऱ्यापैकी पटलंही.

पण चेपलेली वाटी पटेना. ती डावीच होती.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून उधन्याला गेलो. भर दुपार, पत्र्यातून ऊन खाली पडलेलं. चिंधानं माग थांबवला तसा खोलीत एकदम सन्नाटा झाला आणि त्यात मला एक आवाज आला. टिक. खिळ्याला लटकलेली पोत वाऱ्यानं हलली की वाटी भिंतीवर आपटते, तो आवाज. जुन्या कारखान्यात वीज गेली की तो ऐकू यायचा. या खोलीच्या भिंतीला एकच खिळा आहे आणि त्यावर फक्त चिंधाचा शर्ट होता.

त्यानं आरसा धरला. आता पाच पक्षी विणून झाले होते आणि पाचांच्या चोचीत तेच.

चिंधाचं डोकं माझ्या डोक्याशेजारी होतं, तोही त्याच आरशात बघत होता. तुला काय दिसतंय, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण त्यानं उलट विचारलं असतं, तुला काय दिसतंय? मग मी काय सांगणार होतो?

"मस्त उतरनं ना?" तो म्हणाला.

"मस्त," मी म्हणालो.

५

त्याच दिवशी चहा पिताना त्यानं विषय काढला. त्याची मुलगी उज्ज्वला, बी.कॉम. झालेली, तिला भेस्तानचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पोरीला पसंत. साखरपुड्याचं बोलणं होणार, तेवढ्यात मुलाच्या वडिलांच्या, हेमराज पाटलांच्या कानावर जुनी गोष्ट गेली. आपल्या लोकांत अशा गोष्टी मरत नाहीत, सुरतेत तर नाहीच नाही.

"त्या म्हणतस, कोणी तवय व्हतं का तठे? एक माणूस आणा, बोलनं मिटी जाई," चिंधा म्हणाला. "तू व्हता ना, भाऊ. रइवारले मनासंगे चाल. मनी आंडेर, उज्ज्वला, दोन दिनथाईन जेवनी नही."

त्यानं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर काही नव्हतं, आर्जवसुद्धा नाही.

मी येतो म्हणालो. नाही कसं म्हणणार? आणि म्हणताना मला चक्क बरं वाटलं, याची आज लाज वाटते. मनात हिशेब असा, की चिंधा चांगला माणूस आहे एवढं सांगायचं. चोर कोण, ते कोण विचारतंय.

६

शनिवारी सॅम्पलचा मीटरभर तुकडा घरी आणला. का आणला ते मला माहीत नाही. सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला, तो फार आवडला. तिनं तो खांद्यावरून घेतला आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली.

मी पलंगावर बसून चप्पल शोधत असल्यासारखं खाली बघत होतो.

"अहो, देखा ना, कसं दिसस."

वर बघावंच लागलं. आरशात तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पक्ष्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक चोचीत काळी पोत लोंबत होती. सगळे पक्षी एकाच दिशेला चाललेले. मी डिझाइनमध्ये त्यांची तोंडं डावीकडे केली होती, आरशात ती उजवीकडे दिसायला हवीत, म्हणजे खिडकीकडे. खिडकीकडे नव्हती. ज्या बाजूला मी बसलो होतो, त्या बाजूला होती.

सुषमानं स्वतःच्या गळ्यातली पोत चाचपली, नुसतीच, सवयीनं चाचपतात तशी.

"हाई पाखरू माळ चोरी चालनं का परत कराले चालनं?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? जुनं डिझाइन आहे," मी जरा जोरातच बोललो. तिनं कापड घडी करून ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. वीस वर्षांच्या संसारात मी तिला रंजनाचं नावसुद्धा सांगितलेलं नाही.

७

भेस्तानला हेमराज पाटलांचं घर दुसऱ्या मजल्यावर. सकाळचे अकरा. सोफा, समोर काचेचं शोकेस, त्यात कप आणि बाहुल्या, आणि मागच्या बाजूला आरसा लावलेला. चिंधानं पांढरा नवा शर्ट घातला होता. तो शोकेसशेजारच्या खुर्चीवर अवघडून बसला. उज्ज्वला आली नव्हती, पण निघताना तिनं मला वाकून नमस्कार केला होता. "काका, तुमी सांगशात ना?" एवढंच म्हणाली होती.

हेमराज पाटील सभ्य माणूस. आवाज न चढवता बोलले.

"भटूभाऊ, तुम्ही व्हतात ना तठे? आमले फक्त खरं सांगा. ह्यास्नी लेयेल व्हती का ती पोत?"

"नाही," मी म्हणालो. "चिंधाभाऊ तसा माणूस नाही."

चिंधानं मान वर केली.

"मंग खिशामा गई कशी?"

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर तीन शब्दांचं होतं आणि ते पुन्हा एकदा जिभेवर आलं. मी बोलायला म्हणून मान उचलली आणि समोर शोकेसचा आरसा होता.

कपांच्या मधून मला माझा चेहरा दिसला. ओठ मिटलेले. मिटलेल्या ओठांच्या फटीतून काळे मणी खाली लोंबत होते, दुपदरी, हनुवटीपर्यंत. टोकाला दोन वाट्या. डावी चेपलेली.

मी हात तोंडाशी नेला. बोटांना काही लागलं नाही. आरशातल्या माझ्या बोटांना लागत होतं.

"भटूभाऊ?"

तोंड उघडलं तर ते पडेल, सगळ्यांच्या देखत त्या फरशीवर पडेल, याशिवाय माझ्या डोक्यात काही उरलं नाही. मी दात आवळून बोललो.

"आता आठवत नाही. फार वर्षं झाली."

"बरं," हेमराज म्हणाले. "च्या ल्या."

जिन्यात चिंधा माझ्यापुढे होता. मधल्या मजल्यावर थांबला, वळला नाही. "तू उना हाईच खूप, भाऊ," म्हणाला. मंगळवारी भेस्तानहून नकार आला.

८

तेव्हापासून जिभेखाली काहीतरी आहे. जेवताना दाताखाली करकरतं. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं, काही नाही म्हणाला. न्हाव्याकडे मी डोळे मिटून बसतो. सुषमा विचारते, बोलत का नाही. मी डोकं दुखतंय म्हणतो, तेही ओठ न उघडता.

आठ दिवस असे काढले. मग ऑफिसात बसून एका कागदावर लिहिलं, कारण लिहायला तोंड उघडावं लागत नाही. "रंजनाची पोत चिंधाच्या खिशात मी टाकली. मस्करीत टाकली. त्याचा दोष नव्हता, तिचाही नव्हता. मार पडत असताना मी गप्प बसलो." खाली पूर्ण नाव घालून सही केली. हेमराज पाटलांना दाखवता येईल असं स्वच्छ अक्षर काढलं. चार घड्या घातल्या आणि उधन्याला गेलो.

अकरा वाजले असतील. चिंधा मागाखाली वाकलेला होता, पाठ माझ्याकडे. शर्ट खिळ्याला होता.

तो कागद हातात द्यायचा, असं मी रिक्षात बसल्यापासून घोकत होतो. पण ती पाठ दिसली, तो शर्ट दिसला, आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पटकन, आवाज न करता. हाताला सगळं आठवत होतं. कागद आत सरकवला आणि मी मागे वळलो.

माग थांबला.

चिंधा तसाच वाकलेला होता. कापडाखाली त्याचा हात, हातात आरसा. आरसा पक्ष्याकडे धरलेला नव्हता. तो तिरका होता आणि त्यात मला चिंधाचे डोळे दिसले. ते माझ्याकडेच बघत होते, किती वेळ कोण जाणे.

तो सावकाश उठला. हात पुसले. खिळ्याकडे गेला, खिशातून कागद काढला आणि न उघडता हातात धरला.

"तवय बी मना हातमा हाऊच आरसा व्हता, भटू," तो म्हणाला.

मी उभा होतो तिथं भिंतीला टेकलो. तीस वर्षं तो हे जाणून होता. नळावरचा तांब्या, भिवंडी, मी लावून दिलेली नोकरी, मी आणलेला चहा. भेस्तानच्या जिन्यात तो वळला का नव्हता, ते आता कळलं. त्यानं ते सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, हे त्याला माहीत होतं. ते मीच सांगायला हवं होतं, आणि मी सांगेन म्हणून तो थांबला होता.

त्यानं कागद माझ्यापुढे धरला.

"माले वाचता येत नही. तूच वाच. जोरमा वाच."

शेजारच्या खोलीतून दोघंतिघं दारात येऊन उभे राहिले होते. एकानं मोबाइल खिशात ठेवला. मी कागद उघडला. अक्षर स्वच्छ होतं, पहिला शब्द तिचं नाव होतं. मी घसा खाकरला, दात सोडवले आणि तोंड उघडलं.

"रंजनाची पोत..."

ओठांवरून काहीतरी निसटलं. खाली सिमेंटवर आवाज झाला. टिक. मग आणखी एक. मी वाचत राहिलो. प्रत्येक शब्दाला एक, कधी दोन, आणि दारातली माणसं एक पाऊल मागे सरली.

मी खाली पाहिलं नाही. चिंधानं पाहिलं. तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक मणी वेचायला लागला.